रिकामी लोकलही वेळेवर सुटली पाहिजे

तुम्ही संदेश कूटबद्ध केलेत, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदललेत, हे उत्तमच झाले. मात्र पाळत ठेवणाऱ्याला मजकूर वाचता आला नाही, तरी तुम्ही कधी आणि किती बोललात हे पॅकेटांच्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांच्या, वेळा व आकार यांवरून कळते. चर्चगेटहून पहाटे सुटणारी लोकल रिकामी असली तरी वेळापत्रकानेच सुटते. त्याचप्रमाणे ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या आकाराचे पॅकेट अखंड जात राहावे, संदेश नसेल तेव्हा पोकळ, म्हणजे निरर्थक मजकुराचे; आणि खरा संदेश पोकळ पॅकेटाच्या जागी जावा, त्याच्या जोडीला नव्हे. नवशिके बहुधा इथेच चुकतात.

दर १०० मिलिसेकंदांना १००० बाइट पाठवल्यास दिवसाला एका दिशेने ८६४ मेगाबाइट खर्च होतात, त्यामुळे हे घरच्या ब्रॉडबँडवरच करावे. परळच्या माझ्या घरी हा प्रयोग चालू असताना मोठी फाइल पाठवली की प्रोसेसरवर ताण येऊन पॅकेटांमधले अंतर किंचित वाढे, आणि तेवढ्यावरून खरी वाहतूक ओळखू येई. म्हणून कूटबद्ध करण्याचे काम आधी उरकून पॅकेटे रांगेत तयार ठेवा आणि पाठवणारा टायमर स्वतंत्र चालवा. संदेश पाठवण्यापुरताच प्रवाह सुरू करू नका, कारण मग तो सुरू होणे हीच खूण ठरते.