वाचकांचे प्रश्न : निसर्गाचे फोटो दाखवताना आणि पाहताना

प्रश्न : आम्ही साताऱ्यातले आठ-दहा हौशी छायाचित्रकार महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि त्या महिन्यात काढलेले निसर्गाचे फोटो एकमेकांना दाखवतो. कास, ठोसेघर, चाळकेवाडी, सज्जनगड ही आमची नेहमीची फिरती. सुरुवातीला चर्चा रंगायची. आता प्रत्येक फोटोला ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’ एवढेच ऐकू येते. मागच्या बैठकीत एकाने दुसऱ्याच्या फोटोला ‘यात काही दम नाही’ असे म्हटले आणि ते गृहस्थ तेव्हापासून आलेले नाहीत. कोणाला न दुखावता खरे बोलण्याचा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ‘अप्रतिम’ आणि ‘दम नाही’ हे दोन्ही शेरे मला सारखेच निरुपयोगी वाटतात, कारण दोन्हींतून बोलणाऱ्याची आवड-नावड कळते, फोटोत काय घडले आहे ते कळत नाही. म्हणून बैठकीत प्रत्येकाने दोनच फोटो आणावेत, शक्यतो छापून आणावेत, आणि फोटो समोर आल्यावर निदान एक मिनिट कोणीही बोलू नये. त्यानंतर पाहणाऱ्यांनी फक्त एवढेच सांगावे, की नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे वळली आणि कुठे अडली. फोटो काढणाऱ्याने तोपर्यंत गप्प राहावे. आपल्याला त्या संध्याकाळची गार हवा आणि गड चढून आल्याचा आनंद आठवत असतो, पण समोरच्याला कागदावर जेवढे उतरले आहे तेवढेच दिसते, आणि या दोन्हींतले अंतर समजून घेण्यासाठीच तर आपण फोटो दुसऱ्याला दाखवतो.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका मित्राने हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी सज्जनगडावरून उरमोडी जलाशयाचा फोटो काढला आणि बारा बाय अठरा इंचांचा प्रिंट करून आणला. पाण्यावरच्या सोनेरी प्रकाशाचे सर्वांनी कौतुक केले. आमच्यात एक निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, “माझी नजर सारखी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जाते आहे.” कोणाच्याच लक्षात येईना, तेव्हा त्यांनी प्रिंट उलटा धरायला सांगितला. फोटो उलटा झाला की डोंगर डोंगर राहत नाही आणि पाणी पाणी राहत नाही, उरतात फक्त उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे. त्या कोपऱ्यात कठड्याचा बोटभर तुकडा उन्हात आला होता आणि साऱ्या चित्रात तोच सर्वांत पांढरा होता. मग बाईंनी काळ्या कार्डपेपरचे इंग्रजी ‘एल’च्या आकाराचे दोन तुकडे प्रिंटवर ठेवून चौकट लहान-मोठी करून पाहिली. कठडा कापला, तर चित्राचा पायाच गेला आणि जलाशय अधांतरी वाटू लागला. म्हणजे कठडा हवा होता, फक्त त्याची चमक नको होती. मित्र पुढच्या आठवड्यात पुन्हा गडावर गेला आणि दोन पावले डावीकडे, कठडा सावलीत येईल अशा ठिकाणी उभा राहिला. त्या दिवशी कोणी दुखावले नाही, कारण बोलणे मित्राविषयी नव्हते, त्या कोपऱ्याविषयी होते.

जलाशयांचे फोटो तुमच्या बैठकीत भरपूर येत असणार, म्हणून एक बारकावा सांगतो. पलीकडचा काठ तिरका दिसला, की फोटो वाकडा आहे असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण काठ आपल्यापासून तिरपा दूर जात असेल, तर तो तिरका दिसणे स्वाभाविकच आहे. फोटो सरळ आहे की नाही हे पाहायचे असेल, तर काठावरचे एखादे झाड आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब पाहावे. ती दोन्ही एकाच उभ्या रेषेत असली पाहिजेत.

संगणकावर केलेल्या रंगकामावरूनही वाद होतात. ढगाळ आभाळ आणि दरीतली सावली यांतला उजेडाचा फरक आपली नजर सहज सांभाळते. कॅमेऱ्याला तो एकाच एक्स्पोजरमध्ये नेहमीच पेलत नाही. म्हणून आभाळ थोडे उतरवणे किंवा सावली थोडी उजळणे ही लबाडी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दुसऱ्या दिवसाचे आभाळ आणून चिकटवले असेल, तर ते आपणहून सांगावे. न सांगितले तर पाहणारे सावल्यांच्या दिशा जुळवण्यात अडकतात आणि चित्राविषयी बोलणे राहूनच जाते. जे गृहस्थ येईनासे झाले, त्यांच्याकडे तुमच्यापैकी कोणीतरी समक्ष जाऊन त्यांचा तोच फोटो पुन्हा पाहायला मागावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : मी काढलेला फोटो माझ्या संगणकावर लख्ख दिसतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की पानाफुलांचे बारीक तपशील पुसट होतात आणि रंगही फिके पडतात. कॅमेरा बदलावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर : कॅमेरा बदलू नका. फोटो म्हणून पाठवलेली फाइल पाठवतानाच आकाराने लहान केली जाते आणि दाबली जाते; गवत, पाने, खडकाचा पोत असा बारीक तपशील त्यात सर्वांत आधी जातो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर मूळ स्वरूपात पोहोचते. रंग फिके पडण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. तुमच्या कॅमेऱ्यात किंवा संगणकावर ‘ॲडोब आरजीबी’ ही रंगव्यवस्था निवडलेली असावी. पडद्यावर दाखवण्याच्या फोटोसाठी ‘एसआरजीबी’ निवडून जेपीईजी तयार करा.

प्रश्न : मी सांगलीजवळ राहते. आमच्या गटातले सातारकर सह्याद्रीचे कडे आणि कासचे फुलांचे गालिचे दाखवतात. माझ्याकडे ऊस, नदी आणि सपाट रान. माझ्या फोटोंवर कोणी काही बोलतच नाही. निसर्गाचे फोटो काढण्यासाठी दर वेळी घाटातच जावे लागते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही, ताई. तुमच्या प्रश्नातला ‘सपाट रान’ हा शब्दच मला मोलाचा वाटतो, कारण सपाट रानात सारे काम उजेडाला करावे लागते. डोंगराचा फोटो मध्यम उजेडातही डोंगरामुळे तरून जातो. थंडीत उसाला तुरे येतात, तेव्हा सूर्य समोर आणि अगदी खाली असताना बांधावर उभ्या राहा. दुपारी मळकट दिसणारा तो तुरा मागून ऊन आले की काठाकाठाने पेटल्यासारखा होतो, आणि मागे सावलीतली गर्द झाडे असतील, तर तो आणखी उठून दिसतो. शेतकऱ्याला तुरा नको असतो, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबते. तुमच्या फोटोवर बोलणाऱ्यांना हेही माहीत असावे, म्हणून फोटोबरोबर दोन ओळी लिहून पाठवत जा.

हरिपूरला कृष्णा आणि वारणेचा संगम आहे. तिथे हिवाळ्यात सूर्योदयाआधी जा, पाण्यावर धुके असताना. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा. त्याच्या कमानी आणि नदीची पातळी एकाच चौकटीत घेऊन एकाच जागेवरून दर महिन्याला एक फोटो काढलात, तर वर्षभरात बारा फोटो होतील. 2005 आणि 2019 चे महापूर पाहिलेल्या तुमच्या गावाला ते बारा फोटो किती जवळचे वाटतील, याचा विचार करा. ते एकेक करून दाखवू नका. बाराही एका ओळीत मांडा आणि मग गटाला बोलायला सांगा.

प्रश्न : कास पठारावर एका दुर्मीळ फुलाचा चांगला फोटो मिळाला. गटातले सर्वजण नेमकी जागा विचारत आहेत. न सांगितले तर मी आपमतलबी ठरतो. काय करावे?
— एक वाचक, मेढा

उत्तर : कॅमेरा, लेन्स, वेळ, उजेड हे सारे मोकळेपणाने सांगा, नेमकी जागा सांगू नका. कासवर जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे आणि तिथली कितीतरी झाडे बोटभर उंचीची आहेत. एका फोटोसाठी एकजण गुडघे टेकून बसला, तर तेवढीच जागा दबते; पण तीच जागा गाठून दहाजण आलटून पालटून बसले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काय उगवेल याची मला काळजी वाटते. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत 2012 साली कासचा समावेश झाला, तेव्हापासून तिथली गर्दी आपण सारेच पाहत आहोत.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, लोकेशन चालू असेल, तर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर ही नोंदही बरोबर जाते. म्हणून कराडच्या वाचकांना वर जो उपाय सांगितला आहे, तो वापरण्याआधी फोनच्या गॅलरीत फोटोची माहिती उघडून त्यातले स्थान काढून टाका. फोटोखाली ‘कास पठार, सप्टेंबर’ एवढे लिहिलेत, की चर्चेला पुरते. गटात कोणी वनस्पतींचा अभ्यास करणारे असतील, तर त्यांना नेमकी जागा वेगळी, समोरासमोर सांगा.