कुत्रा सोडला की थेट समुद्रावर पळतो. वाडीत, दुकानात, पुळणीवर त्याला मोकळा बरोबर कसा नेता येईल?

तुम्ही लिहिलंय की घर दापोलीजवळ आहे, दीड वर्षांचा लॅब्राडोर दिवसभर साखळीला असतो आणि सुटला की गडगा ओलांडून किनारा गाठतो. जमेल, पण दोन-तीन महिने लागतील असं धरून चाला. आणि सुरुवात मोकळं सोडण्यापासून नको, एका जागी पडून राहण्यापासून करा. घरातल्यांबरोबर वावरणारा कुत्रा दिवसातला बराच वेळ नुसता पडलेलाच असतो. ते येत नसेल तर नारळ पाडायला माणूस आला की तो झाडाखाली घुटमळणार आणि मासेवाली आली की टोपलीत तोंड घालणार. मग पुन्हा साखळी.

त्यासाठी एक गोणपाट घ्या. पडवीत अंथरा आणि त्यावर पाय पडला की खाऊ गोणपाटावरच ठेवा, हातातून देऊ नका. खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन, वाटाण्याएवढे तुकडे. एका वेळी १५-२० तुकडे, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. सुकट, जवळा कुत्र्याला आवडतो, पण खारट असतो, रोजच्या सरावाला नको. गोणपाटावर पडून राहण्याचा वेळ २ सेकंदांवरून ५, १०, ३० असा वाढवा आणि उठवायला ठरलेला एक शब्द ठेवा. इथे बहुतेकांची एकच चूक होते, वेळ आणि अंतर एकदम वाढवतात. तुम्ही चार पावलं लांब जाणार असाल तर त्या दिवशी वेळ पुन्हा ५ सेकंदांवर आणा. हेच गोणपाट पुढे दुकानाच्या पायरीशी, शेजारच्या खळ्यात नेता येतं. घरचा वास असलेली जागा कुत्रा लवकर ओळखतो.

आता हाक. आपल्याकडे कुत्र्याला कुणीही ‘यू यू’ करतं, आणि ‘ये’ तर घरात दिवसभर माणसांसाठीच चालू असतं. ज्या हाकेनंतर काहीच घडत नाही ती कुत्रा ऐकेनासा होतो. मी शिट्टी सुचवेन, आत गोळी नसलेली प्लॅस्टिकची. ती भिजली, वाळू गेली तरी वाजते आणि लाटांच्या आवाजात माणसाच्या गळ्यापेक्षा लांब पोचते. दोन छोट्या फुंकरा, त्याही एकदाच. आला नाही तर पुन्हा वाजवू नका. सरावात त्याला लांब दोरी बांधलेली असेल (तिच्याबद्दल पुढे), ती हलकेच ओढत उलटं पळा, तो मागे येतो. आला की आधी पट्ट्याला हात, मग खाऊ. हा क्रम चुकला तर खाऊ तोंडात घेऊन हातभर लांब नाचणारा कुत्रा तयार होतो. दहातल्या आठ वेळा लगेच परत खेळायला सोडा. शिट्टी वाजली की आंघोळ नाहीतर साखळी, हे त्याला दोन दिवसांत कळतं. उशिरा आला म्हणून ओरडायचं तर मुळीच नाही.

दोरी १० मीटरची हवी. सुती दोरी भिजून जड होते. बोटीवरची प्लॅस्टिकची हलकी असते आणि तरंगते, पण हात कापते, म्हणून दर दोन मीटरवर गाठ मारा आणि हाताला गुंडाळू नका. कडी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या, साधं लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजतं आणि नेमकं झटक्याला तुटतं. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका. २५-३० किलोचा कुत्रा धावत टोकाला पोचला की सगळा हिसका मानेला बसतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, दोरी त्याच्या पाठीवरच्या कडीला.

आधी घरात, मग पडवीत, मग गडगा असलेल्या वाडीत. दहापैकी नऊ वेळा पहिल्याच शिट्टीला आला की पुढची जागा. नव्या जागी तो थोडा मागे पडेल, तेव्हा खाऊ वाढवा आणि अंतर कमी करा. दोरी हातातून सोडून जमिनीवर फरफटू द्या, नंतर ती ५ मीटर करा, मग १ मीटर, आणि सगळ्यात शेवटी काढा.

पुळणीवर ओहोटीला जा, रुंद वाळू मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे ओहोटी साधारण सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. पुढे रोज सुमारे ५० मिनिटांनी सरकते. पावसाळ्यात समुद्रावर सराव नकोच, ते महिने पडवीतल्या गोणपाटाला द्या. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील किंवा मासळी वाळत असेल तिथे दोरी हातात हवी. वेळास, आंजर्ले या बाजूला कासवं अंडी घालतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्या किनाऱ्यांवर कुत्रा मोकळा नको, कारण तो घरटी उकरतो.

‘सोड’ हा शब्द पुळणीवर जाण्याआधी पक्का करा: तोंडातली वस्तू टाकली की त्याहून चांगला तुकडा. वाहून आलेला केंड मासा मेलेला असला तरी विषारीच असतो, आणि लॅब्राडोर काहीही गिळतो. कातळावर दगडांत नाक घालू देऊ नका, तिथे फुरसं असतं. तिन्हीसांजेनंतर बिबट्याच्या भीतीने कुत्रा घरातच. रेबीजची लस दरवर्षी, आणि चिखलात फिरणार असेल तर लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची), पशुवैद्यांना विचारून.

डांबरी रस्त्यावर मात्र कितीही शिकलेला असला तरी दोरी हातातच. वळणावरून येणाऱ्या एसटीला तुमची शिट्टी ऐकू येत नाही.