एका द्राक्षपानावर पाच छंद

नाशिक

चि.,
अनेक आशीर्वाद.

सूक्ष्मदर्शक, हवामान, रसायन, इतिहास, उत्क्रांती, यातलं काय धरू नि काय सोडू असं विचारलंस. काही सोडू नकोस, पण पाचही एकाच वस्तूवर आणून ठेव. आपल्याकडे ती शोधायला लांब जावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की निफाड-दिंडोरीकडच्या बागांत डाऊनी, म्हणजे केवडा रोग, धरलेलं पान मिळतंच.

पानाच्या वर तेल सांडल्यासारखा पिवळसर डाग आणि बरोबर त्याखाली पांढरी वाढ, हा डाऊनी. राखेसारखी भुकटी पानाच्या वरही दिसली तर ती भुरी, हा वेगळा रोग. तिला पान ओलं असावं लागत नाही. नवखा माणूस फसतो तो पानाच्या मूळच्या लवेमुळे. लव शिरांवरही असते आणि पुसून निघत नाही. डाऊनी डागापुरताच असतो, बोटाला लागतो.

पान तोडण्याआधी बागाईतदाराला विचार, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. नुकत्याच फवारलेल्या पानावर काही उगवलं नाही तर दोष पानाचा की औषधाचा हे कळणार नाही. पान पिशवीत बंद करून आण, आणि रोग सोबत जाऊ नये म्हणून वाटेत दुसऱ्या बागेत शिरू नकोस. तिथला मालक चिडला तर त्याचं बरोबरच आहे.

घरी आल्यावर पांढरी वाढ ओल्या कापसाने पुसून टाक, म्हणजे सकाळी दिसेल ती रात्रीतली ताजी. झाकणाच्या पसरट डब्यात ओला करून पिळलेला टिश्यू पेपर, त्यावर दोन काड्या, काड्यांवर पान, खालची बाजू वर. पान टिश्यूला टेकलं की कुजायला लागतं. डबा कपाटात ठेव. किमान ४ तास अंधार, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि १८ ते २२ अंश तापमान मिळालं तर वाढ जोमात येते. दोन दिवसांनी काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती कुजक्या पानावरची भलतीच, तिचा डाऊनीशी संबंध नाही.

सकाळी पारदर्शक चिकटपट्टी वाढीला हलकेच टेकव आणि काचपट्टीवरच्या थेंबावर चिकटव. सूक्ष्मदर्शकाच्या १० पटींच्या भिंगाखाली काटकोनात फुटलेल्या फांद्यांची झाडं दिसतील, फांद्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणुपिशव्या. प्रकाश कमी ठेव. पारदर्शक वस्तू लख्ख उजेडात हरवते, म्हणून काचपट्टीखालचा आयरिस, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, निम्मा मिटव. ४०चं भिंग लावल्यावर मोठ्या स्क्रूला हात नको, काच फुटते.

खरी मौज पुढे आहे. उकळून थंड केलेल्या पाण्याच्या थेंबात ताज्या पिशव्या टाक, काचपट्टी त्याच ओलसर डब्यात ठेव आणि दर अर्ध्या तासाने बघ. पिशव्या फुटतात, दोन शेपट्यांचे बीजाणू पोहू लागतात, मग थांबून शेपट्या टाकतात. पानावर हेच बीजाणू पोहत पर्णरंध्रांपाशी जाऊन आत शिरतात. द्राक्षपानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात, म्हणून नुसती वरून केलेली फवारणी वाया जाते. हवामानाच्या वहीत पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याआधी पानं किती तास ओली राहिली ते लिही. दव मोजायला विसरतात लोक.

आता रसायन. डाऊनीवर फवारतात ते बोर्डो मिश्रण. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. तुला १ लिटरला १०-१० ग्रॅम पुरे. मोरचूद प्लास्टिकच्याच भांड्यात विरघळव, लोखंडी भांड्यावर तांबं चढतं. चुना वेगळ्या भांड्यात विझव, गाळून घे, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओत. मिश्रणात लोखंडी पातं थोडा वेळ बुडव. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणि असं मिश्रण पानं भाजतं. त्याच दिवशी वापर. तू मात्र ते बागेत नेऊ नकोस. एका काचपट्टीवर पाणी, दुसरीवर पातळ केलेलं बोर्डो, दोन्हींत त्याच पानाच्या पिशव्या, एवढंच करून बघ. हातमोजे घाल.

इतिहास याच डब्यात आहे. हा रोग १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला. तिथले काही बागवाले चोर लांब राहावेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींवर पानं टिकलेली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आली आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं. उत्क्रांतीचं सांगायचं तर डाऊनी ही खरी बुरशीच नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि नातं तपकिरी शैवालांशी व डायटम या एकपेशीय शैवालांशी. खऱ्या बुरशीवर चालणारी सगळीच औषधं हिच्यावर का चालत नाहीत, ते इथून शोधायला लाग.

चित्र पेन्सिलीने काढ, फोटो नंतर. उरलेली पानं कंपोस्टात टाकू नकोस. पडलेल्या पानांत जाड भिंतीचे बीजाणू टिकून राहतात. पिशवीत बांधून कचऱ्याच्या घंटागाडीत दे.

तुझे सर