पाप पदरी घेताना

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लग्न, बाप्तिस्मा, दफनभूमीतली जागा असे प्रश्न असतात. ईस्टरपर्यंतच्या या दिवसांत मात्र माणसं आतलं बोलतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: प्रार्थना करतो, पण शांती मिळत नाही. त्यातली मुंबई परिसरातून आलेली काही पत्रं घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

लालबागहून एक वाचक लिहितात: आमची चाळीतली खोली वडिलांच्या नावावर होती. ते गेल्यावर मी बहिणीची ना-हरकत पत्रावर सही घेतली. ‘नाव बदलायचंय, नुसता कागद आहे’ असं तिला सांगितलं. पुढे चाळ पुनर्विकासात गेली आणि मला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. बहीण विक्रोळीला भाड्याच्या घरात राहते. तिने हा विषय कधी काढला नाही. माझ्याकडून चूक झाली. रोज रात्री देवाकडे माफी मागतो, तरी झोप लागत नाही. देवाने मला क्षमा केली नाही का?

दादा, तुमचं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं. त्यात ‘चूक झाली’ बऱ्याच ठिकाणी आहे. ‘मी बहिणीला फसवलं’ हे वाक्य एकदाही नाही. तुमची शांती तिथेच अडली आहे असं मला वाटतं. चूक आपसूक होते, फसवणूक आपण करतो. पुढे काय होणार याचा अंदाज असताना तुम्ही तो कागद तिच्यापुढे सरकवलात. देवापुढे जाताना हे असंच, क्रियापद न बदलता सांगायचं असतं.

बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय, ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’, तर देव क्षमा करील. पदरी घेतलेलं पाप मग परिस्थितीच्या, वकिलाच्या किंवा बायकोच्या सल्ल्याच्या अंगावर ढकलता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. तुम्ही रोज रात्री ज्याच्याशी बोलता, त्यानेच सांगून ठेवलंय की वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. तुम्हाला रोज आठवतंय, आणि रोज तुम्ही वेदीपाशीच उभे आहात. विक्रोळीला जा.

जक्कयाची गोष्ट तुम्ही रविवारच्या शाळेत ऐकली असेल: झाडावर चढलेला बुटका जकातदार. मुलांना झाड लक्षात राहतं, मोठ्यांनी पुढचं लक्षात ठेवावं. येशू घरी आल्यावर तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. तो नुसता रडला नाही, त्याने हिशेब मांडला. त्यानंतर येशूचे शब्द आले की आज या घराला तारण, म्हणजे पापापासून सुटका, झालं आहे. पैसे परत करून जक्कयाने क्षमा विकत घेतली नाही. येशू आधीच त्याच्या घरी उतरला होता. पण क्षमा मिळाल्यावर लोकांचा पैसा घरात ठेवून घेणं त्याला जमेना.

बहिणीकडे जाल तेव्हा आधी खरं सांगा, माफी नंतर मागा. तिला काय माहीत होतं, काय नव्हतं, हे तिच्याच तोंडून ऐका. भाडेहक्क कायद्याने कोणाकडे जात होता हे वकिलाला विचारा. वारसाहक्काचं म्हणाल, तर आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तुमची झोप मात्र कायद्याने उडवलेली नाही, त्यामुळे कागद तुमच्या बाजूने निघाला तरी ती परत येणार नाही. तिच्या हातात काय ठेवणार हे ठरवून जा. ती चिडली, बोलली नाही, दार लावून घेतलं, तर तो तिचा हक्क आहे. तिच्या क्षमेवर तुमचा हक्क नाही.

वसईत माहेर असलेल्या, आता परळला राहणाऱ्या ताई विचारतात: लहानपणापासून मी फादरांकडे पापनिवेदन करत आले. लग्न प्रोटेस्टंट घरात झालं. इथे म्हणतात, थेट देवाला सांगा, मध्ये माणूस कशाला? पण मला मोकळं वाटत नाही. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. कॅथलिक चर्चमध्ये वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. तिथे ऐकलेलं बाहेर काढण्याची धर्मगुरूला कोणत्याही कारणाने मुभा नाही. मुद्दाम फोडलं तर तो बहिष्कृत होतो. माणूस तिथे निर्धास्तपणे बोलू शकतो यामागे हे बंधन आहे.

आम्हा प्रोटेस्टंटांची श्रद्धा अशी की ख्रिस्त हाच एक मध्यस्थ, म्हणून क्षमेसाठी दुसऱ्या कोणाची गरज नाही. मी पाळक म्हणून हेच शिकवतो आणि ते मनापासून मानतो. पण यातून आपल्याकडे एक उणीव शिरली, तीही बोललं पाहिजे. रविवारी आपण सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो. सगळे एका सुरात ‘आम्ही पाप केलं’ म्हणतात, आणि कोणाचंच पाप नावानिशी समोर येत नाही. वर्षानुवर्षं ती म्हणत गेलेला माणूस एकदाही स्वतःबद्दल बोललेला नसतो. याकोबाच्या पत्रात तर स्पष्ट आहे: एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. प्रोटेस्टंट बायबलमधूनही हे वचन कोणी काढलेलं नाही.

तेव्हा ताई, देवाला सांगाच, आणि एका माणसालाही सांगा. माणूस मात्र पारखून घ्या. आपल्या मराठी मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, लहान, निम्मे लोक एकमेकांचे सोयरे. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी कॉटेज मीटिंगला, घरगुती प्रार्थनासभेला, पोचतं, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. येशूला तीस रुपयांना धरून देणाऱ्या शिष्याचा, यहूदा इस्कर्योताचा शेवट आठवा. ते रुपये घेऊन तो मुख्य याजकांकडे परत गेला, निर्दोष माणसाला धरून दिलं, मी पाप केलं, असं म्हणाला. कबुली खरी होती, पैसेही परत केले. त्यांचं उत्तर होतं, त्याचं आम्हाला काय? तो बाहेर पडला आणि त्याने गळफास घेतला. येशूला धरलं त्याच रात्री पेत्र या शिष्यानेही आपण त्याला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं होतं. पण पेत्र इतर शिष्यांमध्ये राहिला, आणि पुढे समुद्रकाठी, कोळशाच्या विस्तवाशी येशूने त्याला तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस का? ज्या माणसाजवळ पाप सांगितल्यावर ‘त्याचं आम्हाला काय’ असं ऐकावं लागणार नाही, असा माणूस शोधा. पाळकच असला पाहिजे असं नाही.

दादरचे एक हिंदू वाचक: ऑफिसमधला ख्रिस्ती मित्र म्हणतो, येशूने पापं वाहिली. आमच्याकडे केलेलं भोगावंच लागतं. क्षमा मागितली की सुटलो, हे फार सोयीचं नाही का?

तसं असतं तर तुमची शंका अगदी रास्त ठरली असती. बायबलमधल्या दावीद राजाने आपला सैनिक उरीया याची बायको घेतली आणि उरीयाला युद्धाच्या आघाडीवर मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं, तो मनुष्य तूच आहेस. दावीद कबूल झाला, क्षमाही मिळाली. पण त्याच भेटीत नाथानाने सांगितलं होतं की तलवार तुझ्या घरातून जाणार नाही. पुढे त्याचाच मुलगा त्याच्यावर उलटला. क्षमा झाल्याने उरीया परत आला नाही. परिणाम राहतात, देवाशी तुटलेलं नातं मात्र जोडलं जातं.

आणि क्षमा फुकट नसते. कोणी तुमचं दोन लाखांचं कर्ज माफ केलं, तर ते दोन लाख हवेत विरत नाहीत. माफ करणाऱ्याने ते सोसलेले असतात. येशूच्या वधस्तंभाकडे आम्ही तसं पाहतो: सोसणारा देव आहे. आपल्या पापाची जाणीव तर मराठी मनाला नवी नाही. वारकरी संतांनी स्वतःला पतित म्हणत पतितपावनाचा धावा केलाच आहे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांना तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं वाटत असे. तुमच्या मित्राला एकदा विचारा, क्षमा मिळाल्यावर त्याच्या आयुष्यात काय बदललं. त्याचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा उपयोगी पडेल.

गोरेगावचा एक विद्यार्थी: मनात घाण विचार आला की मी तासभर क्षमा मागतो. पाळकांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटतं, नीट सांगितलंच नाही. पुन्हा सुरुवातीपासून. अभ्यास बंद पडलाय.

बाळा, वर लालबागच्या दादांना जे लिहिलं ते तुला लागू नाही. त्यांना पापाचं नाव घ्यायचं आहे, तुला ते पुन्हा पुन्हा घेणं थांबवायचं आहे. मनात विचार येणं आणि तो जवळ करून जोपासणं यात फरक आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर तरुणपणी मठात तासन्‌तास पापनिवेदन करत आणि बाहेर पडताच काहीतरी राहिलं म्हणून परत येत. त्यांचे मार्गदर्शक श्टाउपिट्झ त्यांना समजावून थकत. जेजुइट संघाचा संस्थापक, लोयोलाच्या इग्नेशियसनेही स्पेनमधल्या मनरेसा इथे हीच यातना भोगली. म्हणजे हे तुझ्या अश्रद्धेचं लक्षण नाही.

आता करायचं असं: जे सांगून झालं, ते पुन्हा सांगायचं नाही. मन कितीही ओरडलं तरी नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेट. हा वारंवारपणा एक आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टरकडे जाण्याने विश्वास उणा होत नाही. घरी बोलायची भीती वाटत असेल तर टेली मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन कर. या आठवड्यातच कर.

मालाडहून एक ताई: नवरा पिऊन मारतो. रविवारी चर्चमध्ये रडतो, सगळ्यांसमोर माफी मागतो. चर्चची वडीलमंडळी म्हणतात, येशूने साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितली. मी परत गेले नाही तर पापी मी ठरेन का?

नाही. ठामपणे, नाही.

ज्यांनी तुम्हाला ते वचन ऐकवलं त्यांनी मत्तयाचा अठरावा अध्याय मधूनच उघडला आहे. ते वचन ‘किती वेळा क्षमा करू’ या पेत्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्या प्रश्नाच्या काही ओळी आधी येशूच सांगतो: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला एकांतात दाखवून दे. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना साक्षीला घे. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही नाही ऐकलं तर त्याला परका समज. मंडळीचं काम त्याला जाब विचारायचं होतं, तुम्हाला गप्प बसवायचं नव्हतं. रविवारी रडणं आणि बुधवारी हात उगारणं याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. पश्चात्ताप झालेला माणूस दारू सोडायला उपचार घेतो, लेखी देतो, लांब राहायला तयार होतो आणि विश्वास परत मिळायला वर्षं लागली तरी कुरकुर करत नाही.

क्षमा म्हणजे सूडाचा हक्क सोडणं. ती तुम्ही माहेरी राहूनही करू शकता, आणि मन तयार होईल तेव्हा करा. त्या घरात पुन्हा पाऊल टाकणं हा वेगळा निर्णय आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क, दोन्ही मागता येतात. 181 या महिला हेल्पलाइनवर बोला. अंगावरच्या जखमांची नोंद सरकारी रुग्णालयात करून कागद बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवा, घरात नको. तुमच्या वडीलमंडळींपैकी कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी आजच या ताईंच्या बाजूने उभं राहावं.

भायखळ्याहून एका ओळीचा प्रश्न: मन शुद्ध नसताना प्रभुभोजन घ्यावं का?

प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना या भोजनाबद्दल लिहिलं की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून दूर बसावं, असं त्याने लिहिलेलं नाही. कोणाशी वैर धरून असाल तर आदल्या दिवशी, शनिवारी त्याला फोन करा. फोन उचलला नाही तरी रविवारी पुढे या.