पाळी बंद झाल्यावर कोणत्या गोळ्या घ्याव्यात आणि कोणता व्यायाम करावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, रोज तासभर चालता, आणि मैत्रीण घेते तसं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, कोलॅजेन, ओमेगा-३ असं सगळं सुरू करायचा विचार आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे तुमच्या वयाच्या बायका रोज येतात. माझं सरळ मत: गोळ्या गरजेपुरत्या घ्या आणि वजन उचलायला लागा.

हाड सतत झिजत असतं आणि नव्याने भरत असतं. त्या झिजेला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) लगाम घालतं. पाळी जाते तेव्हा ते घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाड फार वेगाने विरळ होत जातं. दुखत काहीच नाही. बाथरूममध्ये साधा पाय घसरून मनगट मोडतं, तेव्हा घरात सगळ्यांना कळतं. तुम्ही नेमक्या ह्याच वर्षांत आहात, त्यामुळे आत्ता विचारलंत हे फार बरं केलंत.

कॅल्शियमचं बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये पाळी गेलेल्या बायकांसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलं आहे. हा आकडा जेवण आणि गोळी मिळून आहे, पण पुष्कळ जणी तो नुसत्या गोळ्यांनी भरायला जातात. आधी ताटाचा हिशेब करा. एक ग्लास गायीचं दूध साधारण २४० मिलिग्रॅम, वाटीभर दही दीडशेच्या आसपास, ५० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी पावणेदोनशे, वर तिळाची चटणी, एखादी पालेभाजी, उसळ. एवढं रोज पोटात जात असेल तर आठशेपर्यंत सहज पोचता. उरलेल्यासाठी ५०० ची एक गोळी पुरते.

पाकिटावर नीट वाचा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' असं लिहिलं असेल तर त्यातलं खरं कॅल्शियम ५००च असतं. 'एलिमेंटल कॅल्शियम' ह्या शब्दांपुढचा आकडा तो आपला. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची. सकाळी थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

व्हिटॅमिन डीची रक्ततपासणी आधी करा. कमी निघालं तर डॉक्टर ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ते आठवडे संपले की थांबायचं आणि पुढचं डॉक्टरांना विचारायचं. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणत राहणाऱ्या बायका मी पाहते आणि मला त्यांची काळजी वाटते. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी, सरासरी सात वर्षं. खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का जास्त राहिली, खुबा मोडण्याचं प्रमाण ठामपणे सांगण्याइतकं घटलं नाही, आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे कमतरता असेल ती भरून काढा, त्यापुढच्या गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

कोलॅजेन आणि ओमेगा-३ हाडांसाठी मी कुणाला सांगत नाही. तेच पैसे डाळी, पनीर, अंडी, मासे ह्यांवर घाला. ह्या वयात वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम तरी प्रथिन हवं, आणि सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, रात्री वरणभात ह्यात ते भरत नाही. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ तपासा.

आता व्यायाम. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला उत्तम, ते सोडू नका. पण हाडाला रोजच्या सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच ते भरतं, आणि चालण्याची सवय त्याला लहानपणापासून आहे. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर प्रयोग झाला. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली. आणि त्या तुमच्याहून मोठ्या होत्या, सरासरी वय ६५.

तुम्ही एकदम तिथून सुरुवात करू नका. आधी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. जमलं की पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून तेच. मग पिशवी स्टुलावर ठेवून उचलायला शिका: पावलं खांद्याइतकी लांब, पाठ सरळ, आणि कंबर मागे न्यायची, हात भरलेले असताना मागचं दार ढकलून लावतो तशी. भार मांड्या आणि नितंबांवर यायला हवा, पाठीत कळ आली तर थांबायचं. ओट्याला हात टेकून पुशअप आणि टाचा उचलून जरा जोरात टेकवणं हेही जोडा. आठवड्यातून दोन दिवस पुरे. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात; सहज झालं तर वजन वाढवा. एक किलोचे डंबेल्स वर्षभर हलवत बसून हाडाला काही कळत नाही.

तोल सांभाळण्यासाठी ओट्याजवळ रोज एका पायावर उभ्या राहा. उडी मारताना किंवा वजन उचलताना लघवी निसटत असेल तर लाजून व्यायाम बंद करू नका, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, बहुतेकींना फरक पडतो.

सुरुवात करण्याआधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यातला टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर पश्चिमोत्तानासन, हलासन अशी पाठ गोल करून वाकायची आसनं बंद. त्यात मणक्याची पुढची कड दाबली जाऊन चिरडू शकते. अशा वेळी वजनाचा व्यायाम फिजिओसमोरच सुरू करा. आणि व्यायामाशी संबंध नाही तरी सांगते: पाळी गेल्यानंतर थेंबभरही रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

डेक्साचा रिपोर्ट आला की टी-स्कोअर इथेच लिहा. किती वजनापासून सुरू करायचं ते त्यावरून सांगते.