ब्रशचा प्रश्न सोपा आहे, कार्डाचं बिल अवघड आहे

प्रश्न: मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. वय ३६, खासगी शाळेत शिक्षिका, हाती ३८,००० येतात. मिस्टरांचं खजुरी बाजारात स्टेशनरीचं दुकान आहे, मुलगी नऊ वर्षांची. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सफाई केली आणि इलेक्ट्रिक ब्रश वापरा म्हणाले. एक ९,९९९ रुपयांचा आहे, मोबाइलला जोडता येतो आणि कार्डावर सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने मिळतो. दुसरा साधा, १,८०० चा. कार्डाचे ६४० पॉइंट जमलेत, तेही वापरता येतील. कार्ड मी फक्त विम्याच्या हप्त्यासाठी वापरते: २०२४ च्या दिवाळीनंतर पॉलिसी घेतली, महिना ४,००० असे दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी दुप्पट. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान भरायची रक्कम, एकदाही चुकवलेली नाही. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडायची नाही असं ठरवलंय. महागडा ब्रश घेतला तर दातांचा पुढचा खर्च वाचेल ना? कार्डाचं बिल सोबत जोडलंय.

उत्तर: ताई, १,८०० चा घ्या, तोही रोखीने आणि दोन महिने थांबून. कारणं शेवटी सांगतो, कारण तुमचं बिल उघडल्यावर ब्रश बाजूलाच राहिला.

बिलावर एकूण देय ६२,००० आहे आणि मिनिमम ड्यू ३,१००. तुम्ही ३,१०० भरता आणि बिल भरलं असं समजता. त्याच पानावर खाली व्याजाचा दर छापलाय, महिना ३.५ टक्के. वर्षाचे झाले ४२. बासष्ट हजारांवर महिन्याचं व्याज २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९०, मिळून २,५६०. म्हणजे तुमच्या ३,१०० मधले जेमतेम ५४० रुपये मुद्दलात गेले. आणि त्याच महिन्यात विम्याचे नवे ४,००० कार्डावर चढले. भरल्यानंतरही तुमचं देणं साडेतीन हजारांनी वाढलं.

पत्रात तुम्ही लिहिलंय की कार्ड फक्त हप्त्यासाठी वापरता. मग हिशोब सरळ आहे. आजवर १६ हप्ते गेले, ६४,००० रुपये. कार्डावर बाकी ६२,०००. जवळजवळ अख्खी पॉलिसी तुम्ही ४२ टक्क्यांच्या उधारीवर घेतली आहे. पहिल्या महिन्यात मिनिमम ड्यू २०० रुपये आली असेल, दुसऱ्यात चारशेच्या आसपास. म्हणून हप्ता झेपतोय असं वाटलं. तो झेपत नव्हता. या १६ महिन्यांत व्याज आणि जीएसटीपोटी अंदाजे वीस हजार गेले किंवा बाकीत मिसळले. पॉइंट मिळाले ६४०; एका पॉइंटचे पंचवीस पैसे धरले तर १६० रुपये.

आता या उधारीवर घेतलेल्या पॉलिसीकडे बघू. दहा वर्षं वर्षाला ४८,००० म्हणजे ४,८०,०००. विसाव्या वर्षी दुप्पट, ९,६०,०००. ऐकायला भरघोस वाटतं. पण तुमचे पैसे सरासरी पंधरा वर्षं अडकतात आणि पंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे, ७२ ला वर्षांनी भागायच्या ढोबळ नियमाने, ७२ भागिले १५, वर्षाला पावणेपाच टक्के. तुमच्या एफडीला याहून जास्त मिळतात. असल्या पॉलिसीला ‘एफडीसारखीच’ म्हणून घरी येऊन, चहा घेऊन विकून जाणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. बहुतेक वेळा तो ओळखीतला, आपल्यातलाच मुलगा असतो, म्हणून आपण कागद वाचत नाही. त्याने व्हॉट्सॲपवर परताव्याचे काही आकडे पाठवले असतील तर ते जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

‘दुप्पट’चा आनंद बाजूला ठेवला तर चित्र असं: ४२ टक्क्यांनी घ्यायचे आणि पावणेपाचने लावायचे. यात कुणाचंही भलं होत नाही.

मिनिमम ड्यू चुकवली नाही हे चांगलंच केलंत. उशिराचा दंड लागला नाही, नाव खराब झालं नाही. पण कार्डाच्या ७५,००० च्या मर्यादेतले ६२,००० कायम वापरलेले दिसले की सिबिलचा, म्हणजे तुमची पत दाखवणारा, आकडा खालीच येतो. फक्त मिनिमम भरत राहिलात तर देणं फिटायला वर्षानुवर्षं लागतील, हा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना लावलंय. तुमच्या बिलावरही तो आहे, बारीक अक्षरांत. आणि ३० टक्क्यांवरचं व्याज अन्याय्य ठरवणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे दराच्या बाबतीत कुणी वाचवेल ही आशा नको.

यावर ब्रशचे ९,९९९ चढवले तर काय होईल? ईएमआय केला तरी कार्डाची तेवढी मर्यादा अडते. ६२ अधिक १० म्हणजे ७२ हजार. पुढचा ४,००० चा हप्ता आला की ७६, मर्यादा ७५. हप्ताच अडकेल. शिवाय ईएमआयचे १,६६७ दर महिन्याच्या मिनिमम ड्यूमध्ये पूर्ण धरले जातात. ‘नो-कॉस्ट’मध्येही प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावरचा जीएसटी तुम्हीच देता.

तेव्हा एफडी मोडा. अडीअडचणीसाठी ठेवली होती ना? हीच ती अडचण. बासष्ट हजारांवर एफडी वर्षाला चार हजार देते, तेवढ्याच रकमेवर कार्ड तीस हजार घेतं. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का गेला तरी चालेल. काही बँका एफडीतली थोडी रक्कम काढू देतात. नसेल तर त्याच एफडीवर कर्ज घ्या, ते एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के महाग पडतं, तरी कार्डापुढे किरकोळ. कार्डाचं एकूण देय एकरकमी भरा. पुढच्या बिलात थोडं व्याज पुन्हा दिसेल, बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं. घाबरू नका, तेही पूर्ण भरा. त्यानंतर चाक थांबतं.

त्याआधी एक काम आजच करा. हप्त्याचा ई-मँडेट, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायची परवानगी, बँकेच्या ॲपमधून रद्द करा. पैसे कापायच्या २४ तास आधी मोबाइलवर मेसेज येतो, त्यातूनही तो नाकारता येतो. हप्ता पुन्हा कार्डावर गेला तर वरचा सगळा खटाटोप वाया.

पॉलिसी ठेवायची की सोडायची? ३० दिवसांत परत करायची मुदत कधीच संपली. पण १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींना एक सवलत आहे: पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर सोडतानाही काही रक्कम परत मिळते. विमा कंपनीला लेखी विचारा, आज बंद केली तर किती मिळतील आणि पुढचे हप्ते न भरता ‘पेड-अप’ ठेवली तर विसाव्या वर्षी किती. माझा अंदाज, आज भरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतील. तीस हजारांचा खड्डा दिसेल आणि हात मागे जाईल. पण राहिलेले १०४ हप्ते, प्रत्येकी ४,०००, पगारातून निघणार आहेत का, हे आधी घरी बसून ठरवा. आजवर तुमच्या खिशातून फार तर महिना ३,१०० गेलेत. कार्ड मिटल्यावर तेच ३,१०० बँकेत टाकलेत तर वीस महिन्यांत मोडलेले ६२,००० भरून निघतात. आणि विमा हवाच असेल, मुलगी लहान आहे म्हणजे हवाच, तर पन्नास लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आत बसतो. या पॉलिसीत तुम्हाला काही झालं तर घरच्यांना मिळतील पाचएक लाख.

फसवून विकलं असं वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, समाधान झालं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

आता ब्रश. इलेक्ट्रिक ब्रशचा फायदा खरा आहे. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात तीन महिन्यांनंतर दातांवरचा थर साध्या ब्रशपेक्षा २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. पण हा फायदा मोटरचा आहे, मोबाइल ॲपचा नाही. दोन मिनिटांचा टायमर हवा, जोराने दाबल्यावर इशारा देणारा असेल तर उत्तम, चार्जिंगचा असावा. हे अठराशे-दोन हजारांत मिळतं.

खरा खर्च ब्रश हेडचा. दर तीन महिन्यांनी बदलायचं, वर्षाला चार. तीनशेला एक धरलं तर वर्षाचे १,२००, पाच वर्षांत ६,०००, म्हणजे ब्रशच्या तिपटीहून जास्त. महागड्या मॉडेलचं हेड सहा-सातशेला पडलं तर पाच वर्षांत १२-१४ हजार नुसत्या हेडांचे. दुकानात आधी हेडची किंमत विचारा, ते सुटं मिळतं का बघा, मगच ब्रश. मूठ एकच घेऊन तुम्ही आणि मिस्टर आपापलं हेड लावू शकता; ओळखायला बुडाशी रंगीत कडी असते. रात्री हेड काढून मुठीचं टोक पुसा, तिथे पाण्याबरोबर पेस्टचा पांढरा चिखल साचतो.

दातांचा पुढचा खर्च ब्रशने टळेल ही आशा मात्र सोडा. सफाई ठरावीक काळाने करावीच लागते, आणि आरोग्य विम्यात दातांची नेहमीची कामं सहसा बसत नाहीत. शासकीय दंत महाविद्यालयात सफाई खासगी दवाखान्यापेक्षा बरीच स्वस्त होते. कार्ड मिटेपर्यंतचे दोन महिने चाळीस रुपयांचा मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि घड्याळ लावून दोन मिनिटं, एवढं आजपासून करा.

विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं की त्यातले दोन आकडे मला कळवा. पॉलिसी बंद करायची की पेड-अप ठेवायची, ते आकडे बघून सांगतो.