आपलं रडणं आधी उरकून घ्यावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. सात वर्षांच्या मुलीबरोबर 'माय ऑक्टोपस टीचर' हा माहितीपट लावलात, शार्कनं ऑक्टोपसचा हात तोडला तिथं ती रडायला लागली, तुम्हालाही भरून आलं आणि टीव्ही बंद केलात. आता विचारताय, की असलं काही मुलांना दाखवावं का मोठं होईपर्यंत थांबावं. आणि आम्ही बाकीचे एकट्यानं काय बघतो-वाचतो आणि पोरांबरोबर काय.

उत्तर आधी सांगते, पाल्हाळ नंतर. जे आपल्याला आतून हलवणार असं वाटतं, ते आधी एकट्यानं बघून किंवा वाचून घ्यावं. त्यातलं काय कापायचं ते ठरवायला म्हणून नव्हे. आपलं रडणं, गप्प बसणं, नवल करणं सगळं तेव्हाच उरकतं आणि मुलाबरोबर बसताना आपण मोकळे असतो. नाहीतर पोरं पडद्याकडं कमी आणि आपल्या तोंडाकडं जास्त बघतात. तुमची मुलगी ऑक्टोपससाठी रडलीच असेल, पण शेजारच्या मोठ्या माणसाचे डोळे भरलेले बघून जास्त घाबरली असेल असा माझा अंदाज आहे.

माझा अनुभव भाच्याबरोबरचा. आम्ही सांगलीत, विश्रामबागला. भाऊ-वहिनी खालच्या मजल्यावर राहतात, दोघंही दुकानात असतात, त्यामुळं शाळा सुटली की हा वर माझ्याकडं. आता नऊ वर्षांचा आहे, मराठी शाळेत जातो. एकत्र वाचणं-बघणं तो बालवाडीत असल्यापासून चालू आहे.

तुमच्याच ऑक्टोपसपासून सुरू करू. 2020 चा हा माहितीपट मी आधी एकटीनं बघितला होता. तेव्हा माझ्यासाठी ती थकलेल्या माणसाची गोष्ट होती. क्रेग फोस्टर कामानं पार पिचून गेलेला, केपटाऊनजवळच्या थंडगार समुद्रात रोज उघड्या अंगानं उतरतो आणि एका ऑक्टोपस मादीच्या मागावर वर्षभर राहतो. बघून झाल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. पुढं भाच्याबरोबर बघितला तर फोस्टर त्याच्या खिजगणतीतही नाही. एकदाच विचारलं, "आत्या, हा माणूस कामाला जात नाही काय गं?" बस्स. त्याचं सगळं लक्ष त्या आठ हातांकडं.

आता तुम्ही बंद केलात ती जागा बघा. हात तुटला, ती मादी फिकी पडून कपारीत जाऊन बसली, आणि टीव्ही बंद. म्हणजे मुलीच्या डोक्यात आता तेवढंच राहिलंय. तिथून पुढं त्याच जागी इवलासा हात फुटतो आणि साधारण शंभर दिवसांत पुरा वाढतो. आणखी पुढं शार्क पुन्हा मागं लागतो तेव्हा ही बाई आधी अंगावर शिंपले लपेटून घेते आणि मग सरळ शार्कच्या पाठीवर जाऊन बसते, जिथं त्याचं तोंड पोचतच नाही. भाचा त्या वेळी सोफ्यावर उभा राहून ओरडला होता. अर्ध्यात बंद केल्यामुळं तुमच्या मुलीला भीती तेवढी मिळाली आणि तिच्यावरचा उतारा राहून गेला. म्हणून दाखवणं चूक नव्हतं असंच मी म्हणेन, थांबण्याची जागा चुकली.

शेवटी ती ऑक्टोपस मरते, हे मी त्याला लावण्याआधीच सांगून टाकलं होतं. गोष्ट फुटते म्हणून मोठी माणसं चिडतात, पण लहानांना शेवट माहीत असला की मधलं सगळं निवांत बघता येतं. पुराणातल्या गोष्टी आपण अशाच ऐकल्या की, रावण मरणार हे आधीपासून ठाऊक असताना. तरी प्रश्न आलाच. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे त्याला माहीत होतं. म्हणाला, "तीन-तीन असून मेली कशी?"

इथं माझं आधी बघून ठेवणं कामाला आलं, कारण मधल्या काळात मी शोधून वाचलं होतं. अंडी घातली की मादी खाणं सोडते, अंड्यांवर पाणी फुंकत त्यांची राखण करते आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास मरते. डोळ्यांजवळच्या एका ग्रंथीकडून हे घडतं. 1977 मध्ये जेरोम वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं अंड्यांवर बसलेल्या माद्यांची ती ग्रंथी काढून बघितली, तर त्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त दिवस जगल्या. भाच्यानं लगेच निकाल दिला, "मग सगळ्यांचीच काढायची." पाणी पिऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "पण मग अंड्यांना कोण बघणार?" मी काही बोलले नाही. त्या दिवशी माझे डोळे भरलेले असते तर हा प्रश्न त्यानं विचारला नसता, मलाच पाणी आणून दिलं असतं.

आधी बघण्याचा दुसरा फायदा भाषेचा. यातलं बहुतेक निवेदन इंग्रजीत असतं. मी आवाज बारीक करून मराठीत सांगत जाते. पहिल्यांदाच बघताना हे जमत नाही, आपणच ऐकत बसतो. केल्पचं जंगल आलं की 'समुद्रातलं उंचच उंच शेवाळ' म्हणायचं आणि पुढं जायचं. मी काही सांगायचं विसरले तर भाचा स्वतःच निवेदन करतो, आणि ते कित्येकदा मूळ निवेदनापेक्षा बरं असतं.

पुस्तकात हा फरक मला सगळ्यात जास्त 'तोत्तोचान' या जपानी शाळकरी पोरीच्या गोष्टीत दिसला. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद आहे, नॅशनल बुक ट्रस्टचं पुस्तक. एकटीनं वाचताना मी पहिल्या काही पानांतच अडकले. शाळेतून काढून टाकलेली पोरगी नव्या शाळेत येते आणि मुख्याध्यापक कोबायाशी खुर्ची ओढून तिचं बोलणं चार तास ऐकत बसतात. मला माझी शाळा आठवली, आमचे चार मिनिटंही न ऐकणारे मास्तर आठवले. भाच्याला वाचून दाखवताना त्या प्रसंगाला त्यानं फक्त "चार तास? भूक नाही लागली?" एवढंच विचारलं. त्याचा प्रसंग वेगळाच. तोत्तोचानचं पाकीट संडासात पडतं आणि ती टाकी उपसून सगळी घाण बाहेर काढते, मुख्याध्यापक येतात, बघतात आणि झाल्यावर परत आत भरून टाक एवढंच सांगून निघून जातात. हा भाग मला परत-परत वाचावा लागला, हसून-हसून त्याला उचकी लागेपर्यंत. हसू ओसरल्यावर म्हणाला, "ओरडले कसे नाहीत?" म्हणजे मी चार तासांच्या प्रसंगात जे बघितलं, ते त्याला टाकीपाशी सापडलं.

डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं हवं, हा त्या शाळेचा नियम. आमच्या घरी मासे होत नाहीत. भाच्यानं पोळी-भाजीचा डबा उघडून जाहीर केलं, "मीठ समुद्रातलंच असतं." डोंगरावरचं म्हणून बटाटा खपवला.

पोलिओ झालेला यासुआकी-चान मरतो आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते, ही दोन प्रकरणं एकटीनं वाचताना मला जड गेली होती. त्याच्याबरोबर वाचताना आवाज स्थिर राहिला. त्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरायचे. त्यानं त्या डब्यांची चौकशी केली, लोखंडाचे होते का, पेटले कसे. हा कोरडेपणा नव्हे. या वयात दुःख असंच डब्यांच्या बाजूनं आत शिरत असावं. तोत्तोचान यासुआकीला झाडावर चढवते तिथल्या शिडीचं चित्र त्यानं नंतर कितीतरी दिवसांनी वहीत काढलं.

माडगूळकरांचं 'बनगरवाडी' (1955) थोडं-थोडं वाचून दाखवलंय. वहिनीचं माहेर आटपाडीकडचं, व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ त्याच तालुक्यात, त्यामुळं धनगर, मेंढरं, ते उजाड माळ त्याला परके नाहीत. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते तो भाग मी वाचला आणि माझं मन तिच्या खांद्यापाशी थांबलं. भाचा म्हणाला, "मग दुसरा बैल हळू चालला असेल." शेवटचा दुष्काळ मात्र अजून ठेवलाय.

त्याच लेखकाचं 'सत्तांतर' मी एकटीनंच वाचते आणि सध्या तरी एकटीनंच वाचणार. वानरांच्या टोळीवर नवा नर कब्जा करतो आणि अंगावरची पिल्लं मारली जातात. हे लेखकाच्या मनचं नाही, आपल्याच मुलखाजवळ, धारवाडच्या जंगलात सुगियामा या जपानी संशोधकानं 1960 च्या दशकात ते नोंदवलंय. पुढं राजस्थानातल्या अबूच्या वानरांवर सारा हर्डी यांनी 1977 मध्ये पुस्तक लिहिलं आणि कारणही मांडलं, की पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते, म्हणजे नव्या नराला स्वतःची पिल्लं लवकर होतात. नऊ वर्षांच्या पोराला हे सांगता येईल का? शब्दांत सांगता येईल. पण ते पुस्तक वाचताना मला माणसंच दिसत राहतात, आणि माझं ते उरकणं अजून झालेलं नाही. पुस्तक कपाटात खालच्याच फळीवर आहे, लपवलेलं नाही.

आता मगरी. सांगलीच्या पोराला मगर ही आफ्रिकेतली गोष्ट नाही. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेत. आफ्रिकेतली मारा नदी ओलांडणारी जनावरं आणि त्यांना ओढणाऱ्या मगरी हा प्रसंग निसर्गपटांत नेहमीचा. तो लागला की मी पोटातून आवळून बसते, आणि भाचा विचारतो, "मगरीनं शेवटचं कधी खाल्लं होतं?" मगर कित्येक महिने न खाता राहू शकते, त्यामुळं प्रश्न रास्तच आहे.

एकदा तोच प्रसंग आम्ही आवाज पूर्ण बंद करून बघितला. मगर तीच, पाणी तेच, पण भीती निम्म्यावर आली. संगीत काढलं की खलनायक उरत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. निसर्गपटातले पावलांचे, पंखांचे पुष्कळसे आवाज स्टुडिओत तयार केलेले असतात. बर्फावर चालण्याच्या आवाजासाठी कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर पिशवीत भरून दाबतात. आम्ही तांदळाच्या पिठावर करून बघितलं, वहिनीनं दोघांनाही झापलं. 'प्लॅनेट अर्थ 2' (2016) मधला इग्वानाचं पिल्लू आणि सापांचा पाठलाग असा दोन्ही प्रकारांनी बघा, आधी आवाजासकट.

आपल्या नदीतली मगर काठावर खड्ड्यात पंचवीस-तीस अंडी घालते, आतली पिल्लं ओरडायला लागली की आई खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात सोडते. या जातीत बापही पिल्लं वाहून नेताना दिसलाय. नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. यातलं बापाचं त्याला सगळ्यात आवडलं. पण त्याच बैठकीत घाटाच्या पायरीखाली उतरायचं नाही हेही मी दरडावून सांगते. कौतुक आणि धाक दोन्ही एकाच तोंडानं, इलाज नाही.

'द एलिफंट व्हिस्परर्स' (2022) चाळीसेक मिनिटांचा आहे, लहानांना झेपतो. मोठ्यांना रघू या हत्तीच्या पिल्लाला सांभाळणाऱ्या बेल्लीचं दुःख लागतं, मुलांना हत्तीची आंघोळ. रघूला दुसऱ्या माहुताकडं देतात तिथं भाचा चिडला, रडला नाही. पेंग्विनवरचा फ्रेंच माहितीपट (2005) बघून तो पायावर चेंडू ठेवून घरभर चालत होता, बाप पेंग्विन दोन महिने अंडं तसंच सांभाळतो म्हणून.

माझ्या नियमाला एक अपवाद आहे. जिथं रडण्यापेक्षा थक्क होणं जास्त, ते पहिल्यांदाच एकत्र बघावं. 'अपोलो 11' (2019) आम्ही तसाच बघितला. निवेदक नाही, जवळजवळ सगळं त्या काळातलंच चित्रण, आणि शेवट जगाला माहीत. तरी यान उतरताना इंधन संपत आलेलं ऐकून दोघांनीही एकमेकांचा हात धरला होता. मी आर्मस्ट्राँगवर खूश. भाचा मात्र मायकल कॉलिन्सपाशी. "दोघं खाली गेले, हा एकटा वर फिरत बसला. त्याला का नाही नेलं?" परत आणायला वर कुणीतरी लागतं, असं सांगितलं. पटलं नाही. अजूनही चंद्राचा विषय निघाला की तो कॉलिन्सची बाजू मांडतो.

तुम्ही आता काय करावं? मुलगी झोपल्यावर उरलेला भाग एकट्यानं बघा, हवं तेवढं रडा. नवा हात फुटतो तिथली आणि शार्कच्या पाठीवर बसते तिथली मिनिटं टिपून ठेवा. मग तिला विचारा, हात परत आला ते बघायचंय का. 'नाही' म्हणाली तर विषय सोडा. 'हो' म्हणाली तर पाठीवर बसण्यापर्यंत दाखवा आणि तिथं थांबून पुढं जायचं का ते पुन्हा विचारा. जायचं असेल तर शेवट आधी सांगा. अंडी किती असतात हे ती विचारेलच, तर लाखांच्या घरात सांगा, आणि त्यातली मोठी होऊन कितीजण उरतात तेही, अगदी मोजकी.